आचाऱ्यांची वही

दुपारी तीनला नारायण पेठेतला आमचा जिना चढून सहसा कोणी येत नाही. पेठेची ती झोपेची वेळ, आणि जिनाही उभा, लाकडी, मधली एक पायरी ढिली. त्या दिवशी ती पायरी करकरली आणि पाठोपाठ काकू आल्या. दारातच थांबून त्यांनी दम खाल्ला, पाण्याला नको म्हणाल्या, कापडी पिशवीतून पुस्तक काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं. आठच दिवसांपूर्वी मी मांडणी करून त्यांच्या घरी पोचवलेलं पुस्तक. अठ्ठेचाळीस पानं, डेमी साइझ, मध्ये दोन पिना. आंबेहळदीच्या रंगाचं मुखपृष्ठ, खाली पितळी पातेल्याचा फोटो, वर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव. “हे वाच,” काकू म्हणाल्या. मी वाचलं, “आचाऱ्यांची वही.” “नीट वाच.” मी पुन्हा तेच वाचलं. तेव्हा त्यांनी पुढे होऊन तिसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं, नख अगदी शिरोरेषेच्या वर टेकवून. “अगं, आमचे हे आचारी होते. हे आचार्य कोण?”

छापलं होतं : आचार्यांची वही.

बहात्तर पॉइंटात, आणि तेही मुखपृष्ठावर. आतल्या मजकुराची तीन प्रूफं काढली होती. ‘चमचा’चा ‘चमच’ झालेला मी शेवटच्या प्रुफात पकडला होता आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन बाहेरून भजी मागवली होती. मुखपृष्ठाचा फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, आठ जणांनी अंगठे दाखवले. कोणालाच दिसलं नाही, कारण प्रत्येकाला पुस्तकाचं नाव आधीच माहीत होतं, आणि माहीत असलेलं नाव माणूस वाचतच नाही, नुसतं ओळखतो. काकूंनासुद्धा दिसलं ते आठव्या दिवशी, पुस्तक गादीवर पडलेलं असताना लांबून. एवढं सांगून त्या हसल्या. ते हसू मला पुढे दोन दिवस पुरलं.

काका लग्नामुंजींचे स्वयंपाक करायचे. शहरातल्या जुन्या मंगल कार्यालयांच्या मागच्या अंगणात, चुलाणांसमोर, चाळीस वर्षं. त्यांची एक वही होती, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कडा तेलाने पारदर्शक झालेली. आत पाककृती अशा नव्हत्याच, नुसती मापं. ‘१०० पानं : मसालेभात, तांदूळ ७ किलो.’ त्याखाली, ‘मुलीकडचे कोकणातले असतील तर ८.’ एका पानावर फक्त ‘वांगी बघून घेणे’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला ही वही छापून नातेवाइकांना आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या लोकांना द्यायची, ही मुलीची कल्पना. मनोगत मुलाने लिहिलं. नावही त्याचंच. पाचशे प्रती काढल्या, तीनशे वाटल्या गेल्या होत्या.

आचारी आणि आचार्य यांच्यात किती अंतर आहे? कागदावर एका रेघेचं. आचारी या शब्दाला विभक्ती लागली की ‘आचाऱ्यांना’ होतं, तिथला र य च्या अंगाला आडवा टेकतो, आणि आधीच्या ‘चा’वर जोर येत नाही. आचार्यांचा र मात्र रफार होऊन डोक्यावर चढतो आणि ‘चा’ला दाबतो. मोठ्याने म्हणून बघा, जीभ दोन्ही वेळा वेगळी वागते. दऱ्या डोंगरात असतात, दर्या कोकणात. सुऱ्यांना धार लावतात, सूर्याला अर्घ्य देतात. टाइपवाले त्या आडव्या र ला इंग्रजी नावाने ‘आयलॅश’, म्हणजे पापणी, म्हणतात. शाळेत आम्हांला त्याचं नाव कोणी सांगितलं नाही, नुसता काढायला शिकवला. हिंदीला त्याची गरज पडत नाही. आपलं मात्र ‘दुसऱ्या दिवशी’ म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य सुरू होत नाही.

काकू गेल्यावर मी फाईल उघडली. गुन्हा झालाय हे माहीत होतं, फक्त गुन्हेगार हवा होता, आणि खरं सांगायचं तर तो मी नसावी अशी इच्छा होती. छापायला दिलेल्या पीडीएफमध्ये ‘आचार्य’ शोधायला सांगितलं. शून्य. ‘वही’ शोधलं, तर ती आतल्या पानांवर सापडली, मुखपृष्ठावर नाही. नाव डोळ्यांपुढे एवढं थोरलं दिसत होतं आणि यंत्राला तिथे एक अक्षर सापडत नव्हतं. कारण मुखपृष्ठ मी कर्व्ह करून पाठवलं होतं. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. ‘च’ च्या जागी फक्त च च्या आकाराची बाह्यरेषा उरते. फॉन्ट लागत नाही, हरवत नाही, बदलत नाही. आणि सुधारताही येत नाही, शोधताही येत नाही.

मग मागे मागे जात मुलाच्या मूळ मेसेजपर्यंत पोचले. तिथे बरोबर होतं. ते शब्द टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवून मी बाणाची कळ एकेकदा दाबत गेले. आ ओलांडला, चा ओलांडला, र, मग पाय मोडल्याची खूण, आणि मग एका ठिकाणी कळ दाबली तरी कर्सर जागचा हलला नाही. पुन्हा दाबली तेव्हा य वर गेला. त्या न हललेल्या जागेवर एक अदृश्य अक्षर बसलं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या आजच्या अक्षरसंचात, हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की तो येतो, माझ्या बोटांना तीच सवय. दुसरी तऱ्हा अशी की साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि मागे एक न दिसणारा जोडक ठेवायचा, ज्याला रुंदी नाही, आकार नाही. तो जोडक र ला एवढंच सांगतो की बाबा, डोक्यावर चढू नकोस, इथेच आडवा बस. तो काढला की र उडी मारून रफार होतो. मुलाच्या फोनमधला कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा होता.

आणि जोडक काढला होता मीच. लोक वेबवरून, फोनवरून, कुठून कुठून मजकूर उचलून पाठवतात, त्यात अदृश्य कचरा फार असतो. न तुटणाऱ्या मोकळ्या जागा, रुंदी नसलेल्या मोकळ्या जागा. त्यामुळे ओळी भलतीकडे तुटतात. म्हणून एका रविवारी मी एक छोटी आज्ञावली लिहून ठेवली होती, मजकूर आला की आधी तिच्यातून गाळायचा. चहाच्या गाळणीसारखी. मला तिचा अभिमान होता. तिने जे जे दिसत नाही ते ते सगळं काढलं, त्यात हाही गेला.

खूण मिळाली नव्हती असंही नाही. मनोगतात ‘अॅल्युमिनियमचं पातेलं’ असं होतं, त्यातल्या अ पुढे अर्धचंद्राखाली टिंबांचं वर्तुळ उमटलं होतं. ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर अ ला चंद्र चिकटवायलासुद्धा हाच अदृश्य जोडक वापरायचे, आणि पुष्कळ कीबोर्ड अजून तसेच आहेत. मी ते हाताने दुरुस्त केलं आणि पुढे गेले. त्याच मनोगतात ‘दुसर्या दिवशी’ आणि ‘सार्यांना’ दिसलं. तेही दुरुस्त केलं, वर मनातल्या मनात मुलाच्या शाळेला नावं ठेवली. दुसर्या असा शब्द नाही म्हणून तो डोळ्यांत खुपला. आचार्य हा शब्द आहे, चांगला भारदस्त शब्द आहे, तो बिनबोभाट मुखपृष्ठावर जाऊन बसला.

मी या धंद्यात आले ती पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या काळात. २००१ साली पहिली नोकरी, अप्पा बळवंत चौकाजवळ एका पोटमाळ्यावर, तीन संगणक आणि एक टेबलफॅन. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग घेतलेली अक्षरं. संगणकाला वाटायचं इंग्रजी चाललंय. इंग्रजी आणि युरोपी अक्षरांच्या खणांत मराठीचे तुकडे भरून ठेवलेले, एका खणात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. पडद्यावर छान मराठी दिसायचं, पण फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरायचं. छापखान्यात फाईल उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला तर लग्नपत्रिकेत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या जागी उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंबं घेतलेले इंग्रजी स्वर, मध्येच पौंडाची खूण. असं काही कागदावर उमटलं की छापखान्यातून एकच वाक्य यायचं, “ताई, फॉन्ट उडालाय.” जणू कबुतर. मग सीडीवर फॉन्ट घेऊन मी लक्ष्मी रोडवरून पळायचे.

त्याहून वाईट म्हणजे उडालेला नसणारा फॉन्ट. नाव तेच, कंपनी तीच, आवृत्ती वेगळी. अक्षरं सगळी बरोबर दिसायची, फक्त प्रत्येक अक्षर केसाएवढं रुंद. एका पानात ते कळत नाही. सोळा पानांच्या फर्म्यात सोळाव्या पानाच्या तळाशी दोन ओळी गायब होतात, आणि त्या दोन ओळींत नेमकं देणगीदाराचं नाव असतं. एका संस्थेच्या अहवालात असं झालं होतं. अध्यक्षांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

म्हणून ‘कर्व्ह करून पाठवा’ हे वाक्य आमच्यात आलं आणि रुजलं. छापखान्यांच्या भिंतींवर ते तारीख आणि रोख-उधारीच्या पाट्यांशेजारी लिहिलेलं असायचं. त्याचेही भोग होतेच. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना खेटून बसतात, एकीची रेषा दुसरीवर थोडी चढते. कर्व्ह करून सगळे आकार एकत्र जोडून टाकले की जिथे दोन रेषा चढतात तिथे बारीक पांढरी चौकट पडते. पत्रिका सूर्याकडे धरल्यासारखी, शिरोरेषेला ठिकठिकाणी भोकं. बारीक मजकूर कर्व्ह केला तर कागदावर जरा जाड आणि चिकट येतो. हे सगळं माहीत असूनही आम्ही कर्व्ह करतो. एकदा दूध उतू गेलेल्या घरात जशी बाई गॅसजवळून हलत नाही, तसं.

आता खरं तर गरज नाही. चांगली पीडीएफ काढली की फॉन्ट तिच्या पोटातच जातो. अख्खा नाही, वापरलेली अक्षरं तेवढीच. परगावच्या लग्नाला निघालेला आचारी लागतील तेवढेच झारे आणि कढया बांधून नेतो, तसा. छपाईसाठीचं पीडीएफ एक्स-वन-ए हे प्रमाण तर सगळे फॉन्ट पोटात असलेच पाहिजेत असं सांगतं. फाईलच्या गुणधर्मांत फॉन्टांची यादी उघडायची, प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ दिसलं की निम्मा जीव भांड्यात. हे मला पाठ आहे, नव्या मुलींना मी शिकवते. काकांच्या वहीची आतली पानं मी तशीच पाठवली होती. मुखपृष्ठ मात्र कर्व्ह केलं, कारण मुखपृष्ठ नेहमीच करते. ते जिवंत ठेवलं असतं तर शेवटच्या तपासणीत आचार्य सापडले असते का? मी शोधलंच नसतं बहुधा. पण सापडण्याची सोय तरी राहिली असती.

आमच्या खालच्या मजल्यावर पूर्वी ट्रेडल होतं, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचं यंत्र. ते बंद झाल्यावरही तिथले एक जुळारी काका दुपारी येऊन बाकावर बसायचे. माझ्या पडद्यावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, हे सगळं हवेत आहे. त्यांनी मला एकदा खिशातून एक खिळा काढून दिला होता. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आडव्या र चा. खिळ्यावर तो उलटा असतो, आणि उलटा बघितला की खरंच पापणी वाटतो. शिशाचा, नखाएवढा, पण हातात घेतला की जड. रफाराचा खण वेगळा आणि याचा वेगळा, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, डोळ्यांना बघावंही लागत नसे. आणि शिशात अदृश्य असं काही नसतंच. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचासुद्धा तुकडा असतो, बुटका, शाई न लागणारा, पण वजन असलेला. काढला की ओळ हलते, खुळखुळते, जुळाऱ्याला बोटाखाली कळतं. माझ्याकडे एक जोडक निघून गेला आणि काही खुळखुळलं नाही. अर्थात जुळारी काकाही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. एका मुंजीच्या पत्रिकेत त्यांनी ‘बटू’चा ‘बटाटू’ केला होता, ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे.

या मधल्या काळात आणखी एक गंमत मी बघत आलेय, ती ल आणि श ची. फोनवर हिंदी वळणाचे ल-श बघून बघून आता तेच खरे वाटायला लागलेत. शासनाने २०२२ च्या नोव्हेंबरात निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी सांगितला. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच मराठी रूप बाहेर येतं. नाही नोंदवली तर फॉन्ट समजतो हिंदी चाललंय. काकूंच्या पुस्तकात मी ते आठवणीने केलं होतं. ‘लसूण’ पाकळीचा होता. तेवढं समाधान.

मी काकूंना फोन करून सगळं सांगितलं. अदृश्य जोडकाचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे हिंगासारखं. दिसत नाही, पण नसलं की कळतं.” मुखपृष्ठं माझ्या खर्चाने पुन्हा छापून देते म्हणाले. मुलगी तयार होती. मुलगा म्हणाला, राहू दे, आचार्य काय वाईट आहे, बाबांना बढती मिळाली. वाटलेल्या तीनशे प्रतींबद्दल एका जुन्या वाढप्याने तर मुद्दाम फोन करून नाव आवडल्याचं कळवलं होतं. मला वाटलं, सुटले. पण काकू ऐकेनात. कोणी कौतुकाने ‘महाराज’ म्हटलं तरी काका तिथल्या तिथे सांगायचे, महाराज तुमच्याकडचे, मी आचारी. “त्यांचा शब्द आहे तो,” काकू म्हणाल्या. “तू बदलू नकोस, आणि याने तर मुळीच बदलू नये.” हा म्हणजे मुलगा. पुन्हा छपाई नको, खर्च कशाला, उरलेल्या दोनशे प्रतींवर चिकटपट्टी लावू, असं त्यांनीच ठरवलं.

पट्टीसाठी मी नाव पुन्हा टाइप केलं, शिफ्ट धरून जे. गाळणीतून घातलं नाही. फॉन्ट पोटात ठेवून पीडीएफ पाठवली, आणि दहा मिनिटांत छापखान्यातून फोन आला, “ताई, कर्व्ह केलेलं नाहीये.” मी म्हटलं, फॉन्ट आत आहे. तो म्हणाला, “असेल हो, पण आमच्याकडे कर्व्हच घेतात.” वाद घालायची माझी स्थिती नव्हती. कर्व्ह करण्याआधी मी काकूंना फोन लावला आणि पडद्यावरचं एकेक अक्षर वाचून दाखवलं. आ. चा. मग पाय मोडलेला र.

“तो वाकडा ना? आडवा?”

“हो.”

“मग कर तुझं ते कर्व्ह.”

रविवारी त्यांच्या घरी बसून आम्ही दोघींनी पट्ट्या लावल्या. मॅट लॅमिनेशनवर गोंद धरत नाही, कोपरे उचलतात, हे मला माहीत असायला हवं होतं. काकू प्रत्येक प्रतीवर वाटीच्या बुडाने घासायच्या, मग दहा-दहाची चळत करून वर पाट्याचा वरवंटा. मध्ये आंब्याची डाळ झाली, चहा झाला. जवळून बघितलं तर पट्टीचा पिवळा आणि मुखपृष्ठाचा पिवळा वेगळे होते, मी ते बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. दोनशे संपल्या तेव्हा सहा पट्ट्या उरल्या. काकूंनी आतून ती मूळ वही आणली. तिच्यावर कधीच काही नाव नव्हतं, नुसता पुठ्ठा. त्यांनी एक पट्टी सोलली आणि बरोबर मध्ये लावली. पण त्या पुठ्ठ्यात चाळीस वर्षांचं तेल होतं, पट्टी बसेना. एका बाजूने दाबली की दुसरीकडून उठायची. काकूंनी वाटी उपडी घालून वर वरवंटा ठेवला आणि म्हणाल्या, “राहू दे रात्रभर. सकाळी बघू.”